मैफलीच्या वाटेवर

आमच्या वहिनी सहसा माझ्या खोलीत येत नाहीत. तिथे पुस्तकांपेक्षा धूळ अधिक आहे असे त्यांचे मत आहे, आणि ते खोडून काढण्याजोगा पुरावा माझ्यापाशी नाही. त्यामुळे २०२५ सालच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्या चहा आणि तिळगुळाची वाटी घेऊन स्वतः जिना चढून वर आल्या, तेव्हा प्रकरण साधे नाही हे मी ओळखले.

“भाऊजी, त्याला तुम्हीच काय ते समजावून सांगा. आमचं कुणाचं ऐकत नाही तो.”

‘तो’ म्हणजे माझा पुतण्या. वय वीस, शिक्षण इंजिनिअरिंगचे, केस कपाळावर. त्याचा अपराध असा की, तीन मित्रांबरोबर मोटारीने नवी मुंबईला जाऊन त्याला कोल्डप्ले नावाच्या विलायती बँडचा कार्यक्रम ऐकायचा होता. १८, १९ आणि २१ जानेवारी असे तीन दिवस डी. वाय. पाटील स्टेडियमवर हा कार्यक्रम व्हायचा होता. आदल्या सप्टेंबरात तिकिटे विक्रीला निघाली आणि निघाल्या निघाल्या संपली. तरी या पठ्ठ्याने कुणा मित्राच्या मित्राला गाठून चार तिकिटे पैदा केली होती.

“बँडच ऐकायचा तर त्याला मुंबई कशाला पाहिजे?” वहिनी म्हणाल्या. “लग्नसराईत आपल्या दारावरून दिवसाला दोन जातात!”

मला हसू आले. पण पुढे त्या जे बोलल्या ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. “आणि ती गाणी त्याच्या फोनमध्ये आहेतच की. दिवसभर कानांत बोळे घालून तेच तर ऐकत असतो. शिवाय सव्वीस तारखेला त्यांचा अहमदाबादचा कार्यक्रम घरबसल्या दिसणार आहे म्हणे. मग एवढा पैसा, रात्रीचा प्रवास, तो हायवे... हे सगळं कशासाठी?”

एवढे बोलून त्या खाली गेल्या. चहा निवत राहिला आणि मी त्या ‘कशासाठी’ला उत्तर शोधीत बसलो.

हा प्रश्न आजचा नाही. गाणे तबकडीत भरून ठेवता येऊ लागले तेव्हापासून तो माणसाच्या पाठीमागे लागला आहे. जे घरी बसून ऐकता येते ते ऐकायला घर सोडून का जावे? १९३३ साली गदगमधला एक अकरा वर्षांचा मुलगा दुकानात वाजणारी तबकडी ऐकायला रस्त्यावर उभा राहत असे. तबकडीवर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती. वहिनींचा न्याय त्या मुलाला लावायचा, तर त्याने रोज त्या दुकानापुढे उभे राहावे, पोटभर ऐकावे आणि जेवायच्या वेळी घरी जावे. गाणे तिथे फुकट होते! पण तबकडीने त्याची भूक भागविली नाही, ती पेटविली. एके दिवशी हा मुलगा घरातून पळाला. निमित्त ताटातल्या तुपाचे झाले असे सांगतात. निमित्ते अशीच किरकोळ असतात. तिकिटावाचून आगगाडीत बसावे, डब्यातल्या उतारूंना गाणे ऐकवावे आणि पुढचे स्टेशन गाठावे, असे करीत तो ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा हिंडला. अखेर बापाने त्याला जालंधरला शोधून काढले आणि पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला ठेवले. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच शिष्य. साऱ्या उत्तर हिंदुस्थानला वळसा घालून मुलगा पुन्हा त्या तबकडीच्याच घरी येऊन पोहोचला! हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी, हे वाचकांना सांगायला नकोच.

आम्हा कोल्हापूरकरांना तर या प्रश्नाचे नवल वाटण्याचे कारणच नाही. हे गाव कुस्तीचे, तसेच गाण्याचे. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेब इथे राहिले आणि गाणे शिकू पाहणाऱ्यांना कोल्हापूरची वाट धरावी लागली. देवल क्लब इथे १८८३ पासून नांदतो आहे. आमच्या पॅलेस थिएटरला, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृहाला, २०२४ च्या ऑगस्टात आग लागली, तेव्हा त्या रात्री रस्त्यावर उभी राहून माणसे रडली. जळाले ते लाकूड आणि खुर्च्या. पण माणूस खुर्चीसाठी रडत नाही. त्या छपराखाली आपण एकदा कुणालातरी ऐकले होते, त्या ऐकण्याची ती खूण होती.

याच अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर. त्यांच्या गळ्यातली भैरवी सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर भरून १९७७ साली व्हॉयेजर यानांतून अवकाशात धाडण्यात आली. त्याच सालच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. आज ती तबकडी इतकी दूर गेली आहे की मनुष्याच्या हातची दुसरी कोणतीही वस्तू तेवढी दूर नाही. ध्वनिमुद्रणाचा याहून मोठा पराक्रम कोणता? आणि तरीही त्या भैरवीची मला कीव येते. तिच्यापुढे मान डोलावणारे कुणी नाही, चुकून खोकणारे कुणी नाही, ‘वाहवा’ म्हणून शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारणारे कुणी नाही.

तबकडीत गाणे असते, गाण्याचा प्रसंग नसतो. मैफलीला जाणारा माणूस पैज लावून जातो. आज आवाज लागेल की नाही, हे गाणाराला ठाऊक नसते आणि ऐकणाराला तर नसतेच. तीनशे कोस तुडवून जावे आणि त्या रात्री काही म्हणता काही जमू नये, असेही घडते. ते घडू शकते म्हणूनच जमते तेव्हा अंगावर काटा येतो. फोनमधले गाणे कधी चुकत नाही. त्यामुळे ते कधी साधतही नाही.

तेव्हा खाली जाऊन वहिनींना सरळ सांगावे की, जाऊ द्या पोराला, असे मी ठरविले. खुर्चीवरून उठलोही. पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय अडखळला. मला एक गाडी आठवली.

ती गोष्ट १९९७ च्या डिसेंबरातली. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. आमच्या घरात दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि त्यापुढे माझी मजल गेली नाही. त्या थंडीत मी रिकामा होतो. आमच्या गल्लीत एक अण्णा होते. त्यांची गुळाची अडत होती, एक जुनी जीप होती आणि भीमसेनांवर अशी काही भक्ती होती की, सौद्याच्या वेळीसुद्धा ते हाताने ठेका धरीत. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव चालू होता. आपल्या गुरूच्या स्मरणार्थ भीमसेनांनी १९५३ साली हा उत्सव सुरू केला आणि अखेरच्या रात्रीचा शेवट त्यांच्या गाण्याने व्हायचा, असा रिवाज पडला होता. पुढे ध्वनिवर्धकांवर रात्रीचे निर्बंध आले आणि ते रात्र-रात्र जागणे संपले. पण तेव्हा मैफल पहाटेपर्यंत चाले आणि उजाडता उजाडता भीमसेन बसत.

अण्णा, त्यांचे दोन मित्र आणि मी असे चौघे निघालो. अण्णांना बाजारातून सुटायला उशीर झाला, त्यामुळे रात्रीचे साडेनऊ वाजले. अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या वर. रस्ता तेव्हा चौपदरी नव्हता, आणि उसाचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग म्हणजे काय हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून कळणार नाही. गाडीवर उसाचा डोंगर, त्याच्या माथ्यावर झोपलेले पोर, खाली बांधलेला कंदील आणि पुढे मान खाली घालून चाललेले दोन बैल. मी मागच्या बाकावर दाराच्या बाजूला बसलो होतो. जीपच्या कापडी पडद्यातून वारा सुरीसारखा आत येत होता आणि तरीही मी सुखाच्या शिखरावर होतो. आयुष्यात प्रथमच मी घरच्या माणसांवाचून इतक्या दूर निघालो होतो आणि तेही भीमसेनांना ऐकायला!

वारणेचा पूल ओलांडला. कामेरी यायची होती. जीपच्या उजेडात रस्त्याच्या कडेला ऊस सांडलेला दिसला. एक टायरगाडी कलंडली होती. आख मोडला असावा. एक बैल सुटून बाजूला उभा होता, दुसरा खाली होता आणि त्याच्यावर गाडीची दांडी आणि उसाच्या मोळ्या आल्या होत्या. एक बाई हातांनी मोळ्या ओढीत होती. पुरुष कंदील घेऊन रस्त्याच्या मधोमध आला आणि त्याने हात वर केला.

“दादा, थांबा ना जरा! हात लावा हो!”

बोली आमच्याकडची नव्हती, बीडकडची असावी. अण्णांनी वेग कमी केला. जीप त्या माणसाच्या अगदी जवळून गेली. कंदील त्याच्या हातात होता, त्यामुळे त्याचे तोंड मला पुरते दिसले. त्याने माझ्याकडे पाहिले, कारण दाराशी मी होतो.

पुढे बसलेले गृहस्थ म्हणाले, “अण्णा, थांबलो तर तासभर गेला. मग भीमसेन मिळायचे नाहीत.”

अण्णा क्षणभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मागून गाड्या येतच आहेत. कुणीतरी थांबेल.” आणि त्यांनी गिअर बदलला.

आमच्या जीपमध्ये जॅक होता, पहार होती, दोर होता आणि आठ हात होते.

मी काय केले? मी काही बोललो नाही. मी सर्वांत धाकटा होतो, गाडी माझी नव्हती, मला कोण विचारतो, अशी पुष्कळ समर्थने मला पुढे सुचली. पण आज तिशी उलटून, चाळिशी उलटून जे सांगायचे ते खरे सांगितले पाहिजे. अण्णांनी गिअर बदलला तेव्हा माझ्या छातीवरचे ओझे उतरले. त्यांनी जीप थांबवली असती तर मला त्यांचा राग आला असता.

रमणबागेत आम्ही साडेतीनच्या सुमारास पोहोचलो. भीमसेन बसायला अजून दोन तास होते. आम्ही चहा प्यालो, पुन्हा चहा प्यालो, शेकोटी केलेल्या काही लोकांत जाऊन हात शेकले. दोन तास! त्यातला एक कामेरीच्या अलीकडे ठेवून आलो असतो तर आमचे काहीही बिघडले नसते.

मग भीमसेन आले. कोणता राग होता ते मला तेव्हा कळले नाही. मला गाण्यातले काय कळत होते? पण पहिला षड्ज लागला आणि हजारो माणसांच्या त्या मांडवात एकाएकी कुणीच उरले नाही असे झाले. थंडी गेली, जागरण गेले. आकाश फिकट होत होते आणि तो आवाज विहिरीतून मोटेने पाणी वर यावे तसा वर येत होता, भरून, ओथंबून. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. मीही रडत होतो.

वाचकहो, तुमची अपेक्षा अशी असेल की, त्या सुरांत मला कंदीलवाल्याची हाक ऐकू आली आणि गाणे कडू झाले. कादंबरी लिहीत असतो तर मी तसे लिहिले असते. पण तसे झाले नाही. गाणे कडू झाले नाही. त्या दीड तासात तो माणूस, ती बाई आणि तो बैल मला एकदाही आठवले नाहीत. गाणे निर्मळ होते, माझे अश्रू खोटे नव्हते आणि मी सर्वस्वी सुखी होतो. माझ्या साऱ्या प्रश्नाची मुळी तिथेच आहे.

परतताना दुपार झाली. त्या जागी आता गाडी नव्हती. चिपाडे पडली होती, रस्त्याच्या कडेला जमीन उकरल्यासारखी दिसत होती. जवळच एक चहाची टपरी होती, तिथे अण्णांनी आपणहून जीप उभी केली.

“रात्री इथं एक गाडी मोडली होती, तिचं काय झालं?”

टपरीवाला कपबशा विसळीत होता. मान वर न करता म्हणाला, “बैल गेला की. रात्रभर अडकून होता. थांबतंय कोण? पहाटं एक ट्रकवाला थांबला, त्यानं दोर लावून गाडी वर घेतली. पण तवर संपलं होतं सगळं.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “त्याची उचल आता फिरायची नाही यंदा.”

हे शेवटचे वाक्य ज्याला कळले त्याला बाकीचे सांगायला नको. ऊस तोडायला येणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतात. माणसांना त्यांच्या हत्यारावरून मोजण्याची ही रीत आमच्याकडे अजून चालू आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून ते उचल घेतात आणि सारा हंगाम ती फेडीत राहतात. बैल गेला म्हणजे वाहतूक गेली, वाहतूक गेली म्हणजे उचल अंगावर राहिली, आणि अंगावर राहिलेली उचल पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रस्त्यावर ओढून आणते. एक तासाची किंमत कुणाच्या तरी एका वर्षाइतकी झाली होती.

अण्णांनी खिशातून शंभराच्या दोन नोटा काढून टपरीवाल्यापुढे ठेवल्या. “तो माणूस दिसला तर दे त्याला.” टपरीवाल्याने नोटा घेतल्या. त्या पोहोचल्या की नाही, मला ठाऊक नाही. कोल्हापूर येईपर्यंत जीपमध्ये कुणी भीमसेनांचे नाव काढले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी गल्लीत अण्णांनी गाण्याची हकीकत सांगायला सुरुवात केली, आणि मीही केली. गेली सत्तावीस वर्षे मी ती सांगत आलो आहे. शिक्षकांच्या खोलीत सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, माझ्या एका कादंबरीतली पहाटसुद्धा त्या मांडवातलीच आहे. गाडी मात्र मी कधी कुणाला सांगितली नाही.

आता मला विचारायचे आहे ते असे. सुराने माणूस चांगला होतो, असे आपण लहानपणापासून ऐकतो. मीही वर्गात मुलांना ते शिकवतो. मग ज्या गाण्याने मला रडविले त्याने मला काही तासांपूर्वीच्या माझ्या वागण्याची आठवणही का करून दिली नाही? आउशवित्झच्या छळछावणीत कैद्यांचे वाद्यवृंद होते आणि त्यांचे वादन ऐकायला तिथले अधिकारी बसत असत. त्यांची आणि माझी तुलना मी करीत नाही. पण सूर आणि सद्वर्तन एका घरात राहत नाहीत, एवढे कबूल करायला तेवढा दाखला पुरेसा आहे. गाणे माणसाला त्याच्या स्वतःपासून दूर नेते. त्याची व्यथा विसरायला लावते, तशी त्याची लाजही विसरायला लावते. हे औषध रोग पाहून काम करीत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्या थोर कलेसाठी एवढे सोसावेच लागते. भीमसेन घर सोडून पळाले नसते तर आपल्याला भीमसेन मिळाले असते का? खरे आहे. पण त्या दिवसांत गदगच्या त्या घरात मुलाची वाट पाहणाऱ्या आईबापांचे काय झाले असेल, हे कोण विचारतो? मुलगा भीमसेन झाला म्हणून ती कथा गोड झाली. घरातून पळालेली आणि पुढे काहीच न झालेली मुले किती असतील! त्यांच्या कथा कुणी सांगत नाही. यश हे असे पाणी आहे की ते मागचे सारे डाग धुऊन टाकते. निदान पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतले तरी. शिवाय भीमसेनांनी जे सोसले ते स्वतः सोसले. मी ऐकले आणि सोसले ते दुसऱ्याने.

आपल्या मराठी मातीत वाटेवरच्या माणसाच्या दोन गोष्टी आहेत. एक नाथांची. काशीहून गंगेची कावड घेऊन ते रामेश्वराला निघाले होते. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली आणि रामेश्वर इथेच पावला म्हणून सांगितले. दुसरी गोष्ट पुंडलिकाची. दारात देव उभा राहिला, पण आईबापांची सेवा चालू होती, म्हणून त्याने वीट फेकली आणि देवाला तिच्यावर थांबायला सांगितले. देव थांबला, अजून थांबला आहे.

या गोष्टी मी वर्गात कितीतरी वेळा सांगितल्या आहेत, आणि सांगताना प्रत्येक वेळी मला मनात चुटपुट लागली आहे. कारण नाथांची अडचण माझ्या अडचणीइतकी बिकट नव्हती. त्यांचा देव गाढवातही होता. कावड तिथे ओतली काय आणि रामेश्वरी ओतली काय, ती एकाच ठिकाणी पोहोचत होती. रसिकाचा देव असा सर्वत्र नसतो. तो एकाच मांडवात, एकाच पहाटे असतो. आणि तो विटेवर थांबत नाही. आम्हांला दोन तास मोकळे मिळाले हा योगायोग. त्याच्या आधाराने स्वतःला शिव्या देणे सोपे आहे. समजा, ते दोन तास नसते. थांबलो असतो तर भीमसेन खरोखरच हुकले असते. मग? भीमसेन २०११ साली गेले. त्यानंतर मला ती पहाट कुठून मिळाली असती?

या गाठीपाशी मी पुष्कळ वर्षे अडून होतो. ती पुरती सुटली असे आजही म्हणवत नाही. पण एकदा मिरजेला ती थोडी सैल झाली. मिरज आमच्यापासून फार लांब नाही. वाद्ये बनविणाऱ्यांच्या दुकानांवरून दर्ग्याकडे जाताना तंबोऱ्याचे भोपळे ओळीने टांगलेले दिसतात. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, आणि उरुसात गवई तिथे येऊन आपली हजेरी लावून जातात. मी ऐकायला गेलो होतो. खाँसाहेबांचे मरण कसे आले ते तिथे बसल्याबसल्या मला आठवले.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. तेही मैफलीच्या वाटेवरच होते. गाडीत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या एका लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले, तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव घेत त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. पाँडिचेरी आली नाही. तिथे वाट पाहणाऱ्यांना गाणे मिळाले नाही. पण गाणे झाले. जिथे उतरावे लागले तिथे झाले. ऐकायला हमाल असतील, चार उतारू असतील, रात्रीचा अंधार असेल.

मला वाटले, गाणे फक्त मुक्कामावर असते असे आम्ही रसिक समजतो, आणि ज्याने ते जन्मभर गायले त्याला मात्र मधल्या स्टेशनावर उतरता आले. माझे चुकले ते भीमसेनांवर फार प्रेम केले म्हणून नव्हे. ते प्रेम मी रस्त्याच्या शेवटच्या टोकाला नेऊन ठेवले आणि मधला सारा रस्ता ओसाड समजलो, तिथे चुकले. रस्त्यावर माणसे होती.

हे सारे मनात घेऊन मी अखेर खाली गेलो. पुतण्या पिशवी भरीत होता. मी त्याला ती गाडीची गोष्ट सांगितली. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जन्मात प्रथमच मी ती कुणाला सांगत होतो, आणि सत्तावीस वर्षे जपून ठेवूनही मला ती नीट सांगता आली नाही.

पुतण्याने ऐकून घेतले. मग तो म्हणाला, “काका, पण समजा तुम्ही थांबला असता, बैल तरीही मेला असता आणि भीमसेनही हुकले असते. तर तुम्हाला जन्मभर हळहळ लागली नसती?”

“लागली असती,” मी म्हणालो.

“मग?”

मुले असे प्रश्न विचारतात म्हणून मी शाळामास्तर झालो, आणि उत्तरे येत नाहीत म्हणून कादंबऱ्या लिहितो. थोडा वेळ थांबून मी त्याला सांगितले, “हळहळ दोन्हीकडे होतीच रे. पण भीमसेन हुकले असते ती हळहळ मी चारचौघांत सांगू शकलो असतो. ही मला सांगता आली नाही. एवढाच फरक मला कळला आहे.”

तो काही बोलला नाही. वहिनींनी त्याच्या पिशवीत न मागता चपात्यांचा डबा ठेवला. त्यावरून परवानगी मिळाली हे आम्ही दोघांनी ओळखले.

अठरा तारखेला पहाटे ते गेले. दुसऱ्या दिवशी रात्री परत आले. डोळे तांबारलेले, आवाज बसलेला, चेहरा न्हाऊन निघाल्यासारखा. तो चेहरा मला ओळखीचा होता. त्याने फोनवर मला तिथली चित्रे दाखविली. हजारो मनगटांवर एकाच वेळी दिवे लागत होते आणि सारे स्टेडियम चांदण्यासारखे हलत होते. गाण्यातले मला काही कळले नाही. पण समोरच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसताना क्षणभर दिसले, आणि ते कळले.

त्याचे सारे सांगून झाल्यावर मी विचारले, “वाटेत कुठं थांबलात?”

“पेठ नाक्यावर. चहाला.”

“आणि?”

“आणि कुठे नाही, काका.” तो जरा घुटमळला. “कुणी हात केला नाही. मी बघत होतो.”

वहिनींनी पाने वाढल्याची हाक दिली. आम्ही जेवायला बसलो.